उजव्या पायाची नखं

पार्लर माझं. पाटीवर नाव माझं, भाडं मी भरते, गिऱ्हाइकांशी भांडतेही मीच. पण म्हातारी माणसं दारात येऊन विचारतात ती वहिनीला. "त्या पायवाल्या ताई आहेत का?" मी समोर कंगवा घेऊन उभी असते आणि ही मंडळी मला वळसा घालून सरळ आत शिरतात. सुरुवातीला मला राग यायचा. आताही येतो, पण हल्ली मी बोलून दाखवत नाही. वहिनीचं म्हणणं, न बोलता मी भांडी आपटते, ते जास्त ऐकू येतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादाला साखरेचा आजार होता आणि त्याने तो कधी मनावर घेतला नाही. अंगठ्याच्या नखाची कड आत रुतली, ती त्याने घरच्या घरी पिनेने उकरली, आणि तिथून जे सुरू झालं ते घोट्यापासून पाय काढूनही थांबलं नाही. घरी ड्रेसिंग करायला एक नर्सबाई यायच्या. त्यांच्या शेजारी बसून वहिनी पाय बघायला शिकली. दादा गेल्यावर ती घरात नुसती भिंतीला टेकून असायची. मी तिला पार्लरमध्ये ओढून आणलं ते कामासाठी नव्हे, डोळ्यासमोर राहावी म्हणून. आल्या आल्या टॉवेल धुवायला लागली. मग एक आजी आल्या, त्यांच्या पायांना हात लावायला माझ्याकडे कामाला असलेल्या दोन्ही मुली तयार होईनात. वहिनीने टॉवेल बाजूला ठेवला, स्टूल ओढलं आणि बसली. पुढे तिने त्याचा रीतसर कोर्सही केला, पण खरं सांगायचं तर ती त्या दिवशीच कामाला लागली.

पार्लरमधलं पेडिक्युअर म्हणजे आधी टबात कोमट पाणी, त्यात पाय, आणि मग गप्पा. वहिनीचं सगळं उलटं. आधी कोरडे पाय मांडीवर घ्यायचे आणि दिवा जवळ ओढून बघत बसायचं. पाण्यात घातले की सगळेच पाय बरे दिसतात, असं ती म्हणते. नेलपॉलिश कालच लावलेलं असलं तरी पुसायचं. एक बाई लग्नाला निघाल्या होत्या, त्यांचं ताजं पॉलिश हिने पुसून टाकलं आणि मला त्यांच्या पाया पडायची वेळ आली. वहिनी ढिम्म. "झाकलेल्या नखावर माझा भरवसा नाही," एवढंच म्हणाली.

नख पिवळं, जाड आणि कडेला भुगा होणारं असेल तर ती त्या माणसाची नखं घासायची कानस वेगळ्या डबीत ठेवते आणि दुसऱ्या कुणाला लावत नाही. नख खालच्या कातडीपासून सुटलेलं असेल तर त्याच्याखाली काही खुपसत नाही. काळा डाग दिसला की विचारते, मार लागला होता का. एक रिटायर्ड बस कंडक्टर होते, ते छातीठोकपणे नाही म्हणाले. वहिनीने त्यांना डाग डॉक्टरांना दाखवून यायला सांगितलं. घरी गेल्यावर त्यांच्या बायकोने आठवण करून दिली की कुंडी पायावर पडली होती आणि दोन दिवस यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. तरी दाखवून आले. मार लागल्याचाच डाग होता, नखाबरोबर पुढे सरकत गेला आणि निघून गेला. रोगाचं नाव वहिनी कधीच घेत नाही. "मी डॉक्टर नाही. पण हे दाखवून घ्या," एवढंच सांगते आणि पुढच्या वेळी दाखवलं का ते विचारते. नसेल दाखवलं तर पाय मांडीवर घेत नाही.

आणि कापूस. डोळे मिटायला लावायचे, कापसाचा बारीक तुकडा एकेका बोटाला टेकवायचा आणि विचारायचं, कुठल्या बोटाला लागला. म्हाताऱ्यांना तो खेळ वाटतो. चुकलं की हसतात. वहिनी हसत नाही.

टेलरकाकू आल्या त्या याच खेळात पकडल्या गेल्या. त्यांचे यजमान जुने टेलर. आमच्याच गल्लीच्या टोकाला त्यांचं दुकान होतं, माझ्या शाळेचे युनिफॉर्म त्यांनी शिवलेले. दुकान बंद करून ते घरी बसले होते. काकू गोड, बुटक्या, बोलणं चुरुचुरु. बसल्या बसल्या म्हणाल्या, "नखं कापलेलीच आहेत हो. यांनीच कापलीत. तू फक्त जरा सारखी करून दे."

वहिनीने मोजे काढले आणि दिवा जवळ ओढला. मी आरशातून बघत होते. डाव्या पायाची नखं ठीक होती. उजव्या पायाची पार मुळापर्यंत कापलेली, कोपरे खणलेले, बोटांच्या टोकांना लहान लहान कापल्याच्या खुणा, त्यातल्या काही जुन्या, काही ताज्या. एका खुणेवर पावडर थापलेली.

"दुखत नाही?"

"कुठे काय? मला तर काहीच नाही."

वहिनीने डोळे मिटायला सांगितले. डाव्या पायाची पाचही बोटं काकूंनी अचूक सांगितली. उजव्या पायाला कापूस लावून झाला तरी त्या डोळे मिटून वाट बघत होत्या. "लाव ना," म्हणाल्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काकूंना पाठीच्या दुखण्यामुळे वाकता येईनासं झालं, तेव्हापासून दर रविवारी काका गॅलरीत वर्तमानपत्र अंथरायचे, काकूंचा पाय मांडीवर घ्यायचे आणि नखं कापायचे. कुणी काही सुचवलं तर म्हणायचे, "आयुष्यभर कापतच आलोय, मला कापायला शिकवू नका." पण काकांच्या डोळ्यांचं बिनसलं होतं. समोर बघितलं की मधोमध धुकं, कडेकडेचं तेवढं दिसायचं. रस्त्यातून नीट चालायचे, त्यामुळे कुणाला कळलं नव्हतं. मशीनवर चादर टाकली तेव्हा कंटाळा आला म्हणाले. वाचन सोडलं तेव्हा म्हणाले, हल्ली वाचण्यासारखं छापत नाहीत. आपल्याला दिसत नाही हे बायकोला माहीत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि काकूंनी ती मोडली नव्हती.

"त्यांना नाही म्हणू नकोस," काकू वहिनीला म्हणाल्या. "सगळं सुटलं गं त्यांचं. हे एवढंच राहिलंय. रविवारी माझा पाय धरून बसतात ना, तेव्हा पूर्वीसारखे असतात."

काकूंना कापल्याचं कळत नव्हतं आणि काकांना कापलेलं दिसत नव्हतं. मला विचारलं असतं तर मी त्याच दिवशी जाऊन काकांच्या हातातून नेलकटर काढून घेतला असता. पण मला कोण विचारतं.

वहिनीने काकूंना डॉक्टरांकडे पाठवलं. त्या डॉक्टरीणबाई चांगल्या. पाठीतली नस दबून तो पाय बधिर झालाय, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी औषध दिलं, जखमा भरल्या, आणि बजावून सांगितलं की उजव्या पायाची नखं घरी कुणीही कापायची नाहीत. काकू आल्या, डॉक्टरांचं सगळं बोलणं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, आणि शेवटी विचारलं, "पण मग रविवारी काय करू?"

माझ्या टेबलाच्या खणात नकली नखांची पाकिटं असतात. नवरीला लांब नखं हवी असतात, ती मी चिकटवते. वहिनीने त्या वस्तूंना कधी हात लावला नव्हता, नाक मुरडायची. त्या दिवशी तिने खण उघडला.

"म्हातारीला नवरीची नखं?" मी म्हटलं.

"वन्सं, तुम्ही केस कापा," ती म्हणाली. मला ती वन्सं म्हणते ते फक्त भांडायचं असेल तेव्हा.

तिने युक्ती अशी काढली होती. काकूंनी शनिवारी यायचं. वहिनी उजव्या पायाची नखं नीट, सरळ करायची आणि प्रत्येकावर नकली नखाचा तुकडा चिकटवायची, बोटाच्या पुढे थोडा येईल असा. रविवारी काकांनी कापायचं ते फक्त प्लॅस्टिक. डावा पाय त्यांनी खराच कापायचा, कारण त्या पायाला कळत होतं, जरा लागलं तरी काकू 'हळू' म्हणायच्या. सोमवारी काकूंनी परत यायचं, वहिनी ते तुकडे सोडवून काढायची, नखं उघडी करून दिव्याखाली बघायची, बोटांमधली जागा कोरडी करायची.

मी म्हटलं, "झाकलेल्या नखावर तुझा भरवसा नाही ना?"

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

खोटं कशाला सांगू, ते चाललं. कितीतरी महिने उत्तम चाललं. काकू सोमवारी यायच्या त्या हसतच. "काल म्हणाले, तुझी या पायाची नखं लाकूड झालीत अगदी. वयाबरोबर माणसं मऊ होतात, तू कडक होत चाललीस." वहिनीही हसायची. दादा गेल्यानंतर ती अशी हसताना मी पाहिली नव्हती, म्हणून मीही गप्प राहिले. एखाद्या वेळी तर मीच खणातून चांगल्यातली पाकिटं काढून द्यायचे.

मग एका सोमवारी काकू आल्या नाहीत. वहिनीने फोन केला तो काकांनी उचलला. काकूंना ताप होता, खोकला होता, झोपल्या होत्या. "बरं वाटलं की पाठवतो पार्लरला," काका म्हणाले. "काही काम होतं का?"

वहिनी फोन हातात धरून उभी राहिली. काय सांगणार होती? तुम्ही काल जे कापलंत ते नख नव्हतं, हे? "काही नाही, सहज," म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढचे काही दिवस ती रोज फोन करायची आणि रोज काकाच उचलायचे. एकदा ती कामातून उठून त्यांच्या घराखाली जाऊन आली. वर गॅलरीत काका काकूंचे मोजे वाळत घालत होते, चाचपत, एकेक चिमटा लावत. वहिनी जिन्यापाशी थांबली आणि परत फिरली. मला म्हणाली, "मी वर गेले आणि पाय बघते म्हटलं तर ते शेजारीच बसणार. सगळं उघडं पडेल."

"पडू दे," मी म्हटलं. "जा परत."

"काकूंना शब्द दिलाय."

मी तिच्यावर खूप चिडले. तोंडाला येईल ते बोलले. ती ऐकून घेत बसली, आणि गेली नाही. पुढचाही सोमवार तसाच गेला.

काकू आल्या त्या शेजारणीचा हात धरून. वाळल्या होत्या. "आता बरी आहे हो मी," म्हणाल्या आणि नेहमीच्या खुर्चीत बसल्या. वहिनीने उजवा पाय हातात घेतला आणि मोजा काढण्याआधीच तिचा चेहरा उतरला. मोज्यावरूनही पाय तापलेला लागत होता. मोजा काढल्यावर वास आला. अंगठ्यावरचं प्लॅस्टिक अजून घट्ट होतं आणि त्याच्याखाली सगळं हिरवट काळं झालं होतं. लाली घोट्याच्या वर चढली होती. काकू विचारत होत्या, "काय गं, फार वाढलीत का?"

वहिनीने प्लॅस्टिक काढलं नाही, पाण्याला हात लावला नाही. पाय तसाच स्वच्छ टॉवेलात गुंडाळला आणि मला गाडी बोलवायला सांगितलं.

हॉस्पिटलमध्ये त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पाय बघितला आणि विचारलं, "हे कुणी चिकटवलं?" वहिनी म्हणाली, "मी." मग व्हरांड्यात नेऊन त्या तिला बोलल्या. खाली पाणी शिरत राहिलं, नख आतून सुटलं, वर झाकण आणि खाली कळायला जाणीव नाही. तुम्हाला हे माहीत नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. माहीत होतं, असं वहिनीने सांगितलं. डॉक्टर जे काही बोलल्या त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता. मी बाजूला उभी होते, आणि माझ्यासारख्या बाईलाही वहिनीची बाजू घेता आली नाही.

काका धापा टाकत आले. कुणी काही सांगायच्या आत ते डॉक्टरांना म्हणाले, "माझ्या हातून कापलं असेल. मला दिसत नाही. मी कुणाला सांगितलं नाही, पण मला दिसत नाही." कॉटवर पडल्या पडल्या काकूंनी वहिनीकडे बघितलं आणि मान हलवली. सांगू नकोस. डॉक्टरांनाही काकूंनी नंतर हेच बजावलं, यांना काही सांगू नका.

अंगठा काढला. मग शेजारची बोटं काढली. पण विष रक्तात गेलं होतं आणि आधीच्या आजाराने काकूंच्यात काही उरलं नव्हतं. त्या गेल्या तेव्हा काका शेजारी स्टुलावर होते. चादरीखालचा डावा पाय हाताने धरून बसले होते.

त्यानंतर काका भेटेल त्याला सांगत सुटले. किराणावाल्याला, दूधवाल्याला, जिन्यात भेटणाऱ्याला. "मीच मारलं तिला. दिसत नव्हतं तरी कापत राहिलो." हे वहिनीच्या कानावर आलं तेव्हा तिने हातातलं काम टाकलं. मी बरोबर गेले.

काकांनी दार उघडलं. वहिनीने उंबऱ्यातच सगळं सांगितलं, काही न लपवता. नकली नखं, शनिवार, सोमवार, ताप, जिन्यापाशी येऊन परत फिरणं. "तुमच्या हातून नाही झालं. माझ्या हातून झालं," म्हणाली.

काका बाजूला कुठेतरी बघत उभे होते, त्यांना तसंच बघावं लागायचं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मला दिसत नाही हे तिला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

"आणि मी प्लॅस्टिक कापत होतो."

काकांनी हळूच दार लावून घेतलं. मला वाटलं होतं ओरडतील, शिव्या देतील. तसं केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

वहिनीने काम सोडलं नाही. सोडेल असं मला वाटलं होतं, पण दुसऱ्या दिवशी ती स्टुलावर बसलेली होती. हसणं मात्र गेलं. कुणाच्या घरचं माणूस चुकीचं कापत असेल तर ती त्या माणसालाच बोलावून घेते आणि तोंडावर सांगते. मला शोभेल अशा फटकळ भाषेत सांगते. माणसं दुखावतात, काही परत येत नाहीत.

पुष्कळ दिवसांनी दुपारच्या वेळी शेजारणीने काकांना पार्लरच्या दारात आणून सोडलं. लंगडत होते. बुटाचा पुढचा भाग त्यांनी कात्रीने कापून काढला होता, नख टोचत होतं म्हणून. मी एका बाईच्या केसांना रंग लावत होते, माझा हात तसाच थांबला. वहिनी उठली, त्यांना काकूंच्या नव्हे, दुसऱ्या खुर्चीत बसवलं आणि पाय मांडीवर घेतला. नखं वाढून वळली होती, एक तर शेजारच्या बोटात रुतलं होतं. इतके दिवस या माणसाने कसं चालवलं असेल कोण जाणे. वहिनीने दिवा जवळ घेतला, बघितलं, कापूस लावला. काकांना सगळी बोटं कळत होती.

अर्धं काम झालं. मग काकांनी विचारलं, "एक सांगाल का? खरं सांगा."

"विचारा."

"मी तिचा पाय धरायचो, तेव्हा तिला काही कळायचं का? माझा हात?"

माझ्या मनात आलं, हो म्हण बाई. एवढं एक खोटं बोल, कुणाचं काही जाणार नाही. वहिनीने कानस खाली ठेवली.

"उजव्या पायाला नाही," ती म्हणाली. "त्या पायाला काही कळत नव्हतं. डाव्या पायाला कळायचं. सगळं कळायचं."

काकांचा पाय वहिनीच्या मांडीवर तसाच होता.

"मी उजव्यापासून सुरुवात करायचो," ते म्हणाले. "त्यालाच वेळ लागायचा. ती नखं फार कडक लागायची. मग हात भरून यायचे. डावा पाय मी घाईघाईत उरकायचो."

वहिनीने मान खाली घातली आणि त्यांच्या दुसऱ्या पायाचा मोजा काढायला घेतला.